मरीयेबद्दल विचारायला आलेली माणसं

संपादकांचा फोन आला तेव्हा मला आधी संशय आला. दिवाळी अंकात एका निवृत्त पाद्र्याचा लेख यांना कशाला हवा? ‘अगदी मोकळेपणाने लिहा,’ असं ते म्हणाले. ‘मोकळेपणाने’ हा शब्द कोणी वापरला की मी खुर्ची जरा मागे सरकवतो. दोन दिवस मी त्यांची चौकशी केली, मागच्या वर्षीचा अंक मागवून पानन् पान चाळलं. त्यात एका वायरमनचा, एका सर्पमित्राचा आणि एका शवागारातल्या कर्मचाऱ्याचा लेख होता. म्हटलं, या पंगतीत बसायला हरकत नाही.

माझी सगळी नोकरी वाशीम जिल्ह्यात झाली. आधी मेडशीला, मग कामरगावला. लोक मला फादर म्हणत, पण मी फादर नाही. फादर लग्न करत नाहीत. मी केलंय, आणि ज्यांनी माझ्या बायकोला एकदा बोलताना ऐकलंय त्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. मी पाळक. गावाच्या तोंडी त्याचं ‘पाष्टर’ होतं. बाहेरच्यांना वाटतं, याला रविवारी दीड तास बोललं की आठवडाभर सुट्टी. तसं नसतं. लग्नं लावायची, माती द्यायची, दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसायचं, दोन भावांचं बोलणं बंद असेल तर दोघांकडेही चहा प्यायचा. आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. आमची मंडळी वीस-बावीस घरांची, बाकी सगळं गाव हिंदू, थोडी मुसलमान घरं. त्यामुळे उत्तरं द्यायचं काम सर्वांत मोठं.

प्रश्न तऱ्हेतऱ्हेचे येत, पण फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन बसत. तुमच्या येशूची आई कुमारी होती म्हणता, मग मूल झालं कसं? ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मरीया नावाच्या मुलीची योसेफ नावाच्या सुताराशी सोयरीक झाली होती. दोघं एकत्र राहायच्या आधीच तिला दिवस गेले. पुरुषाशिवाय, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने, असं आम्ही मानतो. योसेफ भला माणूस. गाजावाजा न करता तिला सोडून द्यायचं त्याने ठरवलं. मग देवदूताने स्वप्नात येऊन त्याला सांगितलं की भिऊ नको, तिला घरी आण. त्याने आणलं. आमचा नाताळ या घरी आणण्यावर उभा आहे.

या प्रश्नांची मी एक वही ठेवली होती. जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. उत्तर पटलं असं वाटलं की मी तिथे ‘समाधान झाले’ असं लिहीत असे. बाईमाणसाला नाव विचारायचं नाही असा माझा नियम होता, उगाच गावात बोलणं नको. तिथे फक्त ‘एक बाई’ असं लिहायचो. तरुण पाळकांना मी ही वही मोठ्या दिमाखात दाखवत असे.

वहीत काय काय आहे! कामरगावच्या एका शिक्षकांनी हजेरीपट माझ्यापुढे उघडला होता. “पाष्टरजी, माह्या वर्गात पंचवीस पोरी हायेत, पंचविसाच्या नावामांगं कुमारी लिहेल हाये. लगन नाई झालं, एवढाच अर्थ हाये त्याचा. तुमी त्याचा चमत्कार काहून करून राह्यले?” माणूस चेष्टेखोर असला तरी मुद्दा खरा होता. ‘कुमारी गर्भवती होईल’ या बायबलमधल्या जुन्या भविष्यवाणीतल्या मूळ शब्दाचा अर्थ नुसती ‘तरुण मुलगी’ असाही होतो, हे मी त्यांच्याजवळ कबूल केलं. पण मरीया स्वतःच देवदूताला विचारते की मला पुरुष ठाऊक नाही, मग हे कसं होईल. तिथे शब्दाच्या दोन अर्थांना जागा राहत नाही. गुरुजी म्हणाले, “म्हंजे सगळ्यात पयला संशय तिलेच आला.” हे मला आवडलं. मी ते पुढे चार प्रवचनांत वापरलं, गुरुजींचं नाव न घेता.

कारंजाचे एक घड्याळजी दरवर्षी डिसेंबरात हटकून गाठत. लोकांना वाटे, मुसलमान माणूस आहे, आता वाद घालेल. ते डोळ्याला भिंग लावून घड्याळात बघत बघत म्हणत, “पाद्री साहब, मरियम बीबी का बेटा बिना बाप का हुआ, ये तो हम भी मानते हैं. अपना झगडा उसके आगे की बात पे है.” मग त्या पुढच्या गोष्टीवर आम्ही तासभर भांडत असू. पण मरीयेवर दुसऱ्या कोणी वाकडं बोललं तर माझ्याआधी तेच उसळत.

एका प्राध्यापकांनी मला चांगलंच कात्रीत पकडलं होतं. येशूचं चरित्र लिहिणारे चौघं, त्यातल्या दोघांनीच ही गोष्ट का सांगितली? बाकीचे दोघं गप्प का? मी म्हटलं, गप्प बसणं म्हणजे नाकारणं नव्हे. ते म्हणाले, होकार देणंही नव्हे. मग मी माझं ठेवणीतलं उत्तर काढलं. माणूस गोष्ट रचतो ती घराण्याची शोभा वाढवणारी रचतो. ज्या गोष्टीने घरच्या बाईकडे जग बोट दाखवेल, ती कोणी आपणहून रचत नाही. खरी होती म्हणूनच सांगावी लागली. त्यांचं समाधान झालं असं नाही म्हणणार, पण ते चहा पिऊन गेले. ही गोष्ट सांगणाऱ्या दोघांतला एक पेशाने वैद्य होता असं आमची परंपरा सांगते, हेही मी त्यांना सांगितलं. आतून माझी बायको सुमन म्हणाली, “वैद्य होता त त्यानं कितवा महिना ते लिहाले पाह्यजे होतं.” सुमन सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिला नोंदी अर्धवट ठेवलेल्या चालत नाहीत.

आणि मेडशीच्या बाजारातली ती बाई. मी तेव्हा नवा होतो. बाजाराच्या दिवशी निंबाखाली पुस्तिका मांडून बसायचो. भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली. एक चाळिशीची बाई बऱ्याच वेळापासून लांब उभी राहून ऐकत होती. एकदम म्हणाली, “आमच्या पुरानात बी राजाच्या पोरीले सूर्यापासून पोरगं झालतं. मंग तिले काहून ते पेटीत घालून नदीत सोडा लागलं? तुमच्या मरीयेले काहून नाई सोडा लागलं?” मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, “कारण मरीयेच्या पाठीशी योसेफ उभा राह्यला.” कोणीतरी ‘वा’ म्हणालं. बाईने डोक्यावरची टोपली सावरली आणि ती निघून गेली. मी इतका खूश झालो की त्या दिवशी घरी जेवताना सुमनला तो प्रसंग दोनदा सांगितला. पुढे कित्येक वर्षं पाळकांच्या शिबिरात हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून सांगत आलो.

तेव्हा मी माणसांवर सहज विश्वास ठेवायचो. तो कसा गेला तेही सांगितलं पाहिजे. निवृत्तीला चारेक वर्षं उरली असताना तीन तरुण कामरगावच्या आमच्या प्रार्थनाघरात आले. अतिशय नम्र. ‘सर, समजून घ्यायचं आहे,’ म्हणाले. मी पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांतल्या एकाच्या खिशात फोन चालू होता. आठ दिवसांनी माझे अर्ध्या मिनिटाचे बोल गावभर फिरले, मागचंपुढचं कापलेले. मी दुसऱ्यांच्या देवांना नावं ठेवतो असं त्यातून वाटत होतं. ठाण्यात बोलावणं आलं. साहेब समजूतदार होते, प्रकरण मिटलं, पण आमच्या घरांतल्या बायका महिनाभर किराणा आणायलाही दोघी-दोघींनी जात. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर नंतर पाणीसुद्धा फुंकू लागलो. कोणी प्रश्न विचारायला आलं की आधी त्याचा खिसा बघायचा, मग हात, मग चेहरा. उत्तर दोन-तीन वाक्यांत, कुठूनही कापलं तरी अंगावर येणार नाही असं घोटीव. अशी उत्तरं मी वहीत लिहून पाठ करून ठेवली होती.

अशा दिवसांत गजानन आला.

संक्रांत होऊन महिना झाला असेल. सकाळी दहाचा सुमार. तीस-बत्तिशीचा, उंच, हडकुळा माणूस. सिमेंटने बोटांची टोकं फुटलेली. शर्टाच्या खिशात फोन, आणि फोनचा कॅमेरा बाहेरच्या बाजूला. मी ते पहिल्याच नजरेत टिपलं. हातात दुमडलेला एक मोठा पांढरा लिफाफा होता. तोही मी टिपला, पण म्हटलं, नोटीस वगैरे आणली असेल.

“पाष्टर तुमीच का जी?”

“हाव. बसा. कोठून आले?”

“इंझोरीच्या वस्तीवरून. कारंजात गाडी बदलली.”

नाव विचारलं, वहीत लिहिलं. दोन गाड्या करून हा माणूस कशाला आला असेल, याचा मी विचार केला तो असा, की याला कोणीतरी पाठवलंय. तो आमच्या ओसरीतल्या बाजेच्या कडेवर टेकला.

“मी पुन्याकडं सेंट्रिंगच्या कामावर असतो. तिथला सुपरवायझर तुमच्यातला हाये. त्यानं एकडाव सांगतलं होतं, तुमच्या देवाच्या मायचं.” त्याने लिफाफा मांडीवर ठेवला. “बाप्याबिगर पोर होऊ शकते का जी?”

इतक्या वर्षांत मला लोकांनी विचारलं ते ‘झालं कसं’ असं. हा विचारत होता ‘होऊ शकते का’. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हा फरक कानात खुपायला हवा होता. पण माझं लक्ष त्याच्या खिशाकडे होतं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

“हे जगात एकदाच झालं. त्याच्या आंधी नाई, त्याच्या मांगून नाई, पुढं होनार बी नाई. दुसरी कोनी बाई असं म्हनत असन, त ते खोटं बोलते.”

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम तयार केलेलं होतं. ‘मग उद्या कोणतीही पोरगी असंच म्हणेल’ अशी खोच काढणाऱ्यांसाठी. तोंड बंद करणारं वाक्य होतं ते, आणि त्याचा मला अभिमान होता.

“पक्कं?” गजानन म्हणाला.

“पक्कं.”

तो उठला. मी म्हटलं, चहा घ्या, ठेवलाय. “नाई जी, गाडी हाये,” म्हणाला आणि पायरी उतरून गेला. मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, समाधान झाले.

सुमन दोन कप घेऊन बाहेर आली. “गेला? त्याच्या हातात लिफाफा कायचा होता?”

“असन कायचा तरी. रेकॉर्डिंगवाला होता तो. बरोबर ओळखला म्या.”

“सोनोग्राफीचा होता. जलम गेला माहा ते लिफाफे पाह्यन्यात.” तिने कप खाली ठेवले. “काय इचारलं त्यानं?”

मी सांगितलं. उत्तरही सांगितलं, जरा ऐटीतच. ती म्हणाली, “तो तुमच्या मरीयेचं इचाराले नव्हता आला. त्याच्या घरी कोनीतरी पोटुशी हाये. तुमी तिले खोटी ठरवून मोकये झाले.”

मी स्टँडवर धावलो. जीप निघून गेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. देवाच्या नावाने आपण एका अनोळखी बाईचा संसार मोडायला निघालो आहोत, ही गोष्ट पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आली, आणि मी खरोखर घाबरलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघालो. सुमनने बीपीचं मशीन पिशवीत घेतलं. ती पूर्वी काही वर्षं इंझोरीच्या उपकेंद्रात होती, त्यामुळे वस्ती सापडायला अडचण आली नाही. घर सापडलं आणि ओट्याकडे बघून मी अंगणातच थांबलो. पंचविशीची एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पोट दिसत होतं. शेजारी कपड्यांची भरलेली पिशवी. अंगणात एक म्हातारी सुपात हरभरा पाखडत होती, मुलीकडे पाठ करून. ती गजाननची आई, मंजुळाबाई. मुलगी त्याची बायको, सविता. दुपारपर्यंत तिचा भाऊ येऊन तिला माहेरी नेणार होता, कायमची, हे आम्हाला शेजारणीने न विचारताच सांगितलं. आणि माझ्याकडे बघून मंजुळाबाईला ओरडून म्हणाली, “पाद्री हाये व हा. पर्चे वाटाले आला असन.”

“कोनं बलावलं तुमाले?” म्हातारीने सूप न थांबवता विचारलं.

“कोनीच नाई,” सुमन म्हणाली. “मी सिस्टर होती इथं. सूनबाईचा बीपी पाह्यते अन् जाते. जुनी खोड हाये मले.”

संशयाने बघणाऱ्या माणसासमोर मी तोंड उघडलं असतं तर दार बंद झालं असतं. सुमनने मशीनचा पट्टा काढला आणि ओट्यावर बसली. बीपी बघून झाल्यावर तिने मोठ्याने विचारलं, “कागद कोठी हाये?” गजानन घरातून लिफाफा घेऊन आला. मला बघून तो चमकला. मी उठून बाजूला जाऊ लागलो तशी सुमन म्हणाली, “बसा तिथंच. तुमालेच आयकाचं हाये.” मग सविताकडे वळून, “शेवटची पाळी कवा आलती बाई?”

मी अंगणातल्या निंबाकडे बघू लागलो.

“घट बसले त्या दिशी,” सविता म्हणाली. “पाह्यटीच.”

“बराबर. कागदावर बी तेच हाये.”

“तेच त म्हनतो मी सिस्टरबाई,” गजाननने तिच्या हातातून कागद घेतला. “कागदात वीस आठोडे लिहेल हाये. मोबाइलात मांगं मोजत गेलो. चार खेपा मोजलं. घटस्थापनेचाच दिवस येते. मी त दसऱ्याच्या सांजीले गाडीतून उतरलो. लोक सोनं वाटत होते. त्याच्या आंधी चार महिने मी पुन्याले होतो. नऊ दिवस कोठून आले?”

सुपातला हरभरा तेवढा वाजत होता.

सुमनने त्याला विचारलं, “तू काम कायचं करतो?”

“सेंट्रिंगचं.”

“स्लॅबखालच्या प्लेटा खोलाचे दिवस कवापासून मोजता तुमी?”

“स्लॅब टाकला त्या दिवसापासून.”

“डॉक्टर तसं नाई मोजत बापा. डॉक्टर प्लेटा ठोकल्यापासून मोजते.”

तिने सावकाश सांगितलं. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे कोणालाच माहीत नसतं, डॉक्टरलाही नाही. बाईला पक्का माहीत असतो तो पाळीचा दिवस. म्हणून जगभरात दिवस तिथपासून धरतात. पुढे यंत्राने पोरगं मापलं तरी आठवडे त्याच रीतीने लिहितात. खरं मूल राहतं त्यानंतर अदमासे दोन आठवड्यांनी. “कागदावरच्या वीस आठोड्यांतून दोन काढून टाक. कवा येते?”

त्याला मोबाइल लागला नाही. “दसरा झाल्यावर,” तो म्हणाला आणि ओट्याच्या कडेवर खाली बसला. “प्लेटा ठोकल्यापासून,” असं दोनदा पुटपुटला.

मंजुळाबाईचं सूप थांबलं होतं. ती आमच्याकडे न बघता बोलू लागली. “अवंदा घट म्याच मांडले. परडीत माती म्याच टाकली, गहू म्याच पेरले. हे बाजूले बसेल होती. चार दिस हिनं देवाकडं तोंड नाई केलं.” मग म्हणाली, “मले का म्हाईत नव्हतं? समदं म्हाईत होतं. पर मले कागद वाचता येत नाई. मले वाटलं, कागदात काही येगळं असन.”

सविता इतका वेळ रडली नव्हती, आताही रडली नाही. तिने नवऱ्याच्या हातातला कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला.

“सिस्टरबाई, या कागदावर घटाचा दिवस कोनं सांगतला?”

“तूच सांगतला असन. डॉक्टरनं इचारलं असन तुले.”

“हाव. म्याच सांगतला.” मग गजाननला म्हणाली, “म्हंजे कागदात माहाच शबूद होता. कागदावर लिहेल होता तो खरा. तोंडानं आठ दिस सांगून राह्यली होती तो खोटा.”

गजानन मान वर करेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

“पाष्टर तुमीच ना? तुमीच म्हनलं होतं, खोटं बोलते म्हून.”

“हाव.”

“मले न पाह्यता.”

“हाव. चुकलं बाई माहं.”

प्रवचनांत मी हजारदा क्षमेबद्दल बोललो असेन. मागायची वेळ आली तेव्हा एवढे चारच शब्द जमले. ती म्हणाली, “तुमच्या मरीयेनं त्याले सांगतलंच असन ना? तिचा शबूद पटला होता का त्याले?”

मी सवयीने सुरू केलं, की योसेफ भला माणूस होता, देवदूताने स्वप्नात येऊन त्याला—

“स्वप्न पडल्यावर पटलं,” ती म्हणाली. “तिनं सांगतलं तवा नाई.”

“नाई,” मी म्हटलं. वही माझ्या पिशवीत होती. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि हा प्रश्न मला शिक्षकांनी, प्राध्यापकांनी, घड्याळजींनी, कोणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

दुपारी तिचा भाऊ मोटारसायकलवर आला. त्याला सगळं सांगितलं. गजानन म्हणाला, नोको जाऊ. मंजुळाबाई म्हणाली, सातव्या महिन्यात जाय, आता नोको. सविता पिशवी घेऊन उठली. “भाऊ कामधंदा सोडून आला, जाते मी. पर आता मी जाऊन राह्यली. तुमी धाडून नाई राह्यले.” गजानन पिशवी धरून मोटारसायकलपर्यंत गेला आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहिला.

आषाढात तिला मुलगी झाली. पुढच्या घटस्थापनेला गजाननचा सुमनला फोन आला. सविता परत आली होती आणि घट तिनेच मांडले होते. माझ्याशी बोलायचं आहे का, असं सुमनने त्याला विचारलं. तो म्हणाला, “त्यायले नमस्कार सांगजा.” त्याहून जास्त माझा हक्कही नव्हता.

कुमारी मातेवर माझा विश्वास आहे. तो आधीही होता, आजही आहे, आणि या प्रसंगाने त्याला धक्का लागला असं कोणी वाचकाने समजू नये. पण ते घोटीव वाक्य मी वहीतून खोडलं. नुसतं काट मारून नाही, पान टरकेपर्यंत गिरवून खोडलं. आता कोणी विचारायला आलं तर मी आधी घरी कोण कोण असतं ते विचारतो आणि चहा होईपर्यंत उत्तर देत नाही. निवृत्त माणसाकडे येतं कोण म्हणा.

हा लेख लिहायला म्हणून मी गेल्या महिन्यात ती वही पहिल्यापासून वाचायला घेतली. मेडशीच्या दिवसांपाशी आलो आणि थांबलो. ती बाजारातली बाई. चाळीस वर्षांची, डोक्यावर टोपली, लांब उभी राहून तासभर ऐकत होती. पोरगं पेटीत घालून नदीत का सोडावं लागलं, एवढंच तिला विचारायचं होतं. मरीयेच्या पाठीशी योसेफ उभा राहिला, असं मी तिला भर बाजारात ऐकवलं होतं, आणि लोक ‘वा’ म्हणाले होते. तुझ्या पाठीशी कोण होतं, हे मी विचारलं नाही. मेडशीला जाऊन शोधावं असं चार दिवस डोक्यात घोळत राहिलं. पण कोणाला शोधू? वहीत माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे: एक बाई. मेडशी. समाधान झाले.